आप्पा नावं ठेवतील तो स्पीकर

शौनक,

मी पालीला माईकडे चालले आहे, संध्याकाळच्या एसटीने येईन. कुळथाचं पिठलं झाकून ठेवलंय, गरम करून दोघं जेवा आणि मगच होम थिएटरच्या दुकानात जा. हो, दोघं. आप्पांना बरोबर ने.

काल तू टीव्हीचा आवाज कमी केलास आणि ते उठून पडवीत जाऊन बसले, ते रुसून नव्हे रे. त्यांना ऐकूच येईना. वर्ष होत आलं. तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. पण आज चहा पिताना आपणहून म्हणाले, "पोरगा स्पीकर आणतोय तर माझी नाट्यगीतांची सीडी लावून बघू." कित्येक महिन्यांत त्यांनी ती हातात धरली नव्हती. पिशवीत घातली आहे.

दुकानात एक ध्यानात ठेव. ऐकू आलं नाही की आप्पा मान डोलावून "छान, छान" म्हणतात. त्या छानवर जाऊ नको आणि तुझ्या मित्राने सांगितलेल्या कंपनीवरही नको. एकेक स्पीकर लावायला सांग आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. खरोखर चाखलेल्या माझ्या आमटीला त्यांनी जन्मात कधी छान म्हटलेलं नाही, ते काय स्पीकरला म्हणणार! ज्याच्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणतील, "ह्यॅ, तबला पेटीवर चढतोय," तोच बांधून आण.

आई