होडीला गिऱ्हाईक बघा, नाना

तापीकाठ, ता. रावेर
२१ मे १९८९

तीर्थरूप नाना यांच्या पायांवर जावई लीलाधरचे डोके.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (माझे दोन तळहात सोडून, त्यांचं पुढे येईल). तुमचे गुडघे, काकूंचा दमा आणि धुळ्याचं ऊन यांपैकी काय उतरलं ते कळवावं. तुमचं कार्ड मिळालं. ‘पोर आखाजीले का नही धाडी? तुम्हनं डोकं ठिकाणवर शे का?’ एवढंच, आणि तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनने ते मला देण्याआधी अर्ध्या गावाला वाचून दाखवलं. नाना, अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, सासुरवाशीण माहेरी जाते हे मला कोणी शिकवायला नको. सव्वीस वर्षं तुमच्या पुतणीला, कुंदाला, मी स्वतः धुळ्याच्या एसटीत बसवून देत आलो. यंदा ती आपणहून गेली नाही. होडीसाठी गेली नाही! तेव्हा त्या होडीला ताबडतोब गिऱ्हाईक बघा. दोंडाईच्याचं असो, शिरपूरचं असो, कोणीही चालेल. या घरात एक तर होडी राहील नाही तर मी, असं मी कुंदाला तोंडावर सांगितलं आहे. (विचार करून सांगते, म्हणाली.)

आता तुम्ही विचाराल, केळीवाल्याला होडी कशाला? हाच प्रश्न मला गावाने इतक्या वेळा विचारला आहे की उत्तर द्यायचं मी सोडून दिलं. माघात आमचा शेजारी मगन केळीचा ट्रक घेऊन वसईला निघाला, मी सोबत गेलो. तिथे खाडीत एक शिडाची होडी विकायला होती. ट्रक रिकामाच परत येणार होता, आणि धरणाच्या फुगवट्याने आमच्या गावाखाली तापी समुद्रासारखी पसरलेली. मगन म्हणाला, निम्मी तुमची, निम्मी माझी. (आता विचारलं तर म्हणतो, बुडाकडची निम्मी तुमची.) विकणाऱ्या कोळ्याने एकच गोष्ट बजावली होती, की हिला कोरडी ठेवू नका. मी मनात म्हटलं, खाऱ्या पाण्यातल्या माणसाला लाकडाचं काय कळतं? आमच्याकडे टिकवायची ती प्रत्येक वस्तू आधी उन्हात वाळवतात.

शिवाय मुहूर्त. आपल्याकडे वर्षाचा गडी, सालदार ठरतो तो आखाजीला, नवी गाडी जुंपायची ती आखाजीला. मग होडी काय म्हणून आधी पाण्यात जाईल? ती अडीच महिने अंगणात उभी राहिली. ऊन तुम्ही जाणताच. शीड नुसतं पडून होतं म्हणून कुंदाने त्यावर आधी ज्वारीचे बिबडे वाळत घातले, मग वर्षाच्या मिरच्या. मी काही बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याची या घरात कधीच कदर झालेली नाही.

आखाजीला नारळ फोडून, हळदकुंकू लावून होडी पाण्यात ढकलली. माहेरी आलेल्या गावच्या सगळ्या लेकी झोके सोडून काठावर जमलेल्या. मी नि मगन फेटे बांधून आत बसलो आणि बसल्याजागी भिजू लागलो. फळ्याफळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी! तोंडातली सुपारी फुटायच्या आत आम्ही छातीभर पाण्यात उभे, आणि काठावर लेकी आमच्यावर गाणी रचताहेत. मी तिथेच जाहीर केलं की कोळ्याने फसवलं. त्यावर तुमची पुतणी चारचौघांत काय म्हणाली? ‘गाडाना चाक उन्हाळामा ढिला पडनात का डोहमा टाकतस ना? तशी हाई बी पाच दिन बुडू द्या.’ पाच दिवसांनी काढली तर थेंबभर पाणी आत येईना. नाना, बायको बरोबर असते याचा मला राग नाही. ती लोकांसमोर बरोबर असते याचा आहे.

पुढच्या सोमवारी कुंदालाही मागे बसवून शीड वर चढवलं. वाऱ्याने ते फुगलं आणि मिरच्यांचं सगळं तिखट आमच्या डोळ्यांत. मगन शिंकतो आहे, मी आंधळा, आणि शिडाचा दोर सुटला तो माझ्या तळहातांची सालं घेऊनच गेला. तरी मी सुकाणूचा दांडा सोडला नाही. मला उजवीकडे वळायचं होतं म्हणून दांडा उजवीकडे ओढला. जन्मभर बैल हाकले, उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडे येतो. ही बया डावीकडे! मी आणखी जोराने ओढला, ती आणखी जोराने डावीकडे, आणि आम्ही झुलालच्या टरबुजाच्या वाडीत. पाणी ओसरलेल्या गाळात त्याने वेल लावलेत. तो टरबूज खाता खाता शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, गाडीवाट तिकून हाये. इकून कुठी घुसून राह्यले?’ मागे बसलेल्या कुंदाने मला बाजूला सारलं, दांडा उलटा धरला आणि होडी घाटाला आणून लावली. (शिवाय येताना झुलालकडून दोन टरबुजंही घेतली.)

तेव्हा माझी चूक कुठे आहे ते दाखवा. होडी जाऊ द्या, मला माझं घर परत मिळू द्या. काकूंना नमस्कार.

आपला जावई,
लीलाधर

ता. क. कुंदाने हे पत्र वाचलं. गिऱ्हाईक खुशाल धाडा, म्हणते, तिला त्याच्याशी बोलायचं आहे. तिचा चेहरा पाहता धाडू नये हे बरं.

ता. क. २ (पाकीट चिकटवायच्या आत लिहितो आहे, ती घाटावर गेली आहे.) नाना, गिऱ्हाईक राहू द्या, तुम्हीच या. रोज उन्हं उतरली की ती होडी घेऊन पार पलीकडच्या काठापर्यंत जाते. सोबत मगनची बायको असते, परवा तर झुलालसुद्धा होता. मी घाटावर चपला सांभाळतो. शीड भरून ती वळण घेते तेव्हा इतकं सुंदर दिसतं की मला फार वाईट वाटतं. ती फक्त तुमचं ऐकते. तिला एवढं सांगा, की यांनाही बसव. दांड्याला हात लावणार नाही. कोपऱ्यात बसून पाणी उपसेन. पाणी येत नाही हे मला माहीत आहे, तरी बादली घेऊन येईन.