ढब्बू परत यायच्या आत बॅग भर

सुवर्णा,

ढब्बूला शोधत बसू नकोस. त्याला घेऊन मी मखमलाबादला मळ्यावर गेले आहे. भाजीच्या टेम्पोत खिडकीची जागा कुत्र्याला मिळाली, मला मधली. आम्ही संध्याकाळी येऊ. तोवर मस्कतची बॅग भर आणि शेजारी मैनाकाकूंकडे ठेवून ये. बॅग दिसली की हा अन्न सोडतो, हे तुला सांगायला नको.

"तो म्हातारा झालाय, मी नाही जात," असं काल माझ्या रवीला म्हणालीस ते मी ऐकलं. मुकाट्याने जा. मस्कतला छायाचं पहिलं बाळंतपण आहे, आणि तुम्हा बहिणींना आई नाही.

मागे सिंगापूरच्या सहलीत सगळे उंच इमारती बघत होते, मी तुला बघत होते. इकडे ढब्बू जेवत नाही हे कळल्यावर तू मैनाकाकूंना फोन लावलास, रिसीव्हर त्याच्या कानाला धरायला लावलास आणि म्हणालीस, "खा रे राजा." मी म्हटलं, परदेशातून कुत्र्याला फोन, लोक हसतील. पण पठ्ठ्याने थाळी चाटूनपुसून ठेवली. सात समुद्रांपलीकडून घास भरवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. सासूने हे तोंडावर सांगितलं तर सून डोक्यावर बसते, म्हणून कागदावर.

या वेळी रिसीव्हर मी धरीन. त्याच्याशी बोलून झालं की लगेच फोन ठेवू नकोस. माझंही जेवण अडलेलं असेल.

– आई