गांडुळांच्या पेटीची व्यवस्था

मी हेमचंद्र तुळशीराम गावंडे, वय छप्पन्न, मोटर वाइंडिंगचा कारागीर, राहणार मदन महल, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृत बिघडलं आहे, डोकं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो मी कधी चालवूनही घेतला नाही. वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा. मी मराठीतच लिहून राहिलो, कारण वाचणारे आमच्या घरचे आहेत.

१. घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी मैत्रेयी हिला. ती पुण्यास असते. घर विकणार, हे मला ठाऊक आहे. विकावं. अट घालत नाही.

२. वाइंडिंगचं मशीन आणि मायक्रोमीटर माझ्या दुकानातील कारागीर सचिन यास. मायक्रोमीटर पुसून डबीतच ठेवावा, खिशात नाही.

३. धाकटा भाऊ देवदत्त, राहणार राइट टाउन, यास फक्त खत चाळायची चाळणी. कारण असे की, माझी पत्नी सुनेत्रा हिच्या तेरवीला पंगत उठल्यावर त्याने, मदत म्हणून, खरकट्या पत्रावळी मागच्या अंगणातल्या गांडुळांच्या पेटीत ओतल्या. वरण, तेल, लोणचं, सगळं. वर म्हणतो, "दादा, कचराच तर खातात ना ते!" गांडूळ कातडीने श्वास घेतं, मीठ त्याला आग आहे. सकाळी ती पेटीच्या भिंतींवर चढून वाळलेली होती. मी देवदत्तला घराबाहेर काढलं. ते मला आजही चूक वाटत नाही.

४. तेव्हा मैत्रेयी म्हणाली, "पापा, आई गेली तेव्हा रडला नाहीत, और केंचुओं के लिए रो रहे हो?" आणि काकाबरोबर निघून गेली. त्याचं उत्तर येथे लिहितो. शेवटच्या आजारातही सुनेत्रा पलंगावर बसून साली बारीक चिरायची. मोठा तुकडा दिसला की मला दटावायची, "अहो, त्यांचं तोंड केवढं, बघा तरी!" या घरात तिच्या हातचं शेवटचं खाल्लं ते त्यांनी.

५. थोडी वाचली, वाढली. पण एका माणसाच्या साली त्यांना पुरत नाहीत. म्हणून मी रोज दुधी आणतो, सोलतो, भाजी करतो. साल पेटीत जाते. भाजी मला जात नाही; ती गाईला घालतो.

६. माझ्यामागे पेटी कोण घेईल, हे विचारून झालं. मैत्रेयी फोनवर म्हणाली, "सॉरी पापा, फ्लॅटमध्ये नाही जमणार." शेजारचे रामराव इंगोले म्हणाले, "काहून एवढा जीव लावून राहिले, जी? द्या अंगणात सोडून." ही शेतातली गांडुळं नव्हेत, कुजलेल्यात जगतात, कोरड्या मातीत मरतात. रामरावांना समजावलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि चहा मागितला.

७. सबब पेटी कोणासही देत नाही. खाणं घटलं की गांडुळं अंडी कमी घालतात, आपसूक ओसरतात. आजपासून मी त्यांचं खाणं रोज थोडं कमी करीत आहे. अंदाज बरोबर निघाला तर मी जाईन तेव्हा या घरात माझी वाट पाहणारं कोणी नसेल.

लिहिलेलं पुन्हा वाचलं. एक शब्दही बदलायचा नाही.

सही: हेमचंद्र तु. गावंडे

आमच्यासमोर सही केली:
१. रामराव इंगोले, मदन महल
२. प्रणाली देशकर, विजय नगर

जबलपूर, ४ मार्च २०२५