बुलबुलाने लावलेली मिरची

तारकर्ली,
१२ जानेवारी

इशिता,

तू बरी असशील. आम्ही बरे. आईचा गुडघाही सध्या गप्प आहे.

बाटली सिद्धेशबरोबर पाठवतोय. आत आमच्या मिरचीच्या कळ्या आहेत. एकही उमललेली नाही. ऊन चढायच्या आत तोडून लगेच तुझ्या द्रावणात बुडवल्यात. शिकणं अर्ध्यावर सोडलं तरी एवढं ध्यानात आहे हो!

पण रविवारी सिद्धेश तुझ्या द्रावणाची बाटली घेऊन आला तेव्हा मी आधी चुलीकडे धावलो. ही मिरची आता आमच्याच घरी उरलीय, तिच्याशिवाय तुझा अभ्यास अडलाय, यंदा झाड लावलेलं नाही, आणि चुलीवरच्या माळेत बियाण्याचीही एकही मिरची नाही. आईला विचारलं. म्हणाली, "तू कॉलेज सोडून तोंड पाडून इलंस, त्या दिवशी तुझी दिष्ट काढली. सगळी जाळली. पण ठसको म्हणून इलो नाय! केवढी दिष्ट ती!"

मी घर डोक्यावर घेतलं. आई शांतपणे म्हणाली, "बियाण्यापरास माझो झील मोठो," आणि भांडी घासायला मागच्या दारी गेली. तिथूनच ओरडली, "यज्ञेशा, ह्या झाड कोणी लायला रे?"

न्हाणीच्या पाण्यावर, बुलबुल बसतात त्या तारेखाली, कमरेएवढं झाड! मिरच्या पांढुरक्या, आभाळाकडे तोंड केलेल्या. आमचीच! मी आईला उचलूनच घेतलं. शेजारच्या नर्मदाकाकीच्या हायब्रीडशी संकर झालाय का ते मात्र तूच बघ. गुणसूत्रं दोघींची चोवीसच, पण आकार बघायचे, असं तूच सांगायचीस.

सरांशी भांडून कॉलेज सोडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. भांडण झालं ते खरंच. पण ते दुसऱ्या दिवशी मिटलंही असतं. घरी साखरपुडा आहे म्हणून तू रजा टाकलीस, कोणाचा ते मी विचारलंच नाही. सामान भरलं आणि एसटीत बसलो. तुझा फोनही नंतर उचलला नाही.

रविवारी सिद्धेश चहा पिता पिता बोलून गेला, "इशिताच्या तन्वीताईचा साखरपुडा झाला ना, तेव्हाच तू पळालास." माझ्या हातातली बशी पडली. तो अजून हसतोय.

बियाण्याच्या मिरच्या झाडावरच पिकायला ठेवल्यात. आईला बजावलंय, आता माझी दिष्ट मिठावर भागव. त्या मिरच्या न्यायला सिद्धेशला पाठवू नकोस. तू ये. कसालला उतरलीस की मी गाडी घेऊन उभा असेन.

दिष्ट उतरलेला, रागही उतरलेला, बाकी काहीच न उतरलेला,
यज्ञेश