लोहाऱ्यातले गळे खाली कसे गेले

लोहारा,
शनिवार

प्रिय युसरा हिस,

सलाम. तुझ्या सासूबाईंना आदाब, जिजूंना नमस्कार, आणि ज्या बाळाला मी अजून फक्त फोनच्या काचेतून बघितलंय त्याला एक पापा. तुझी मान दुखायची ती थांबली का? सासूबाईंचे गुडघे, जिजूंचं पित्त, बाळाचे दात, सगळ्यांची विचारपूस मी इथं एकदमच करून टाकते, कारण पुढं मला बोलायचं पुष्कळ आहे आणि मधे थांबून चौकशी करण्याइतका सभ्यपणा माझ्यात उरणार नाही. आमच्याकडं सगळे बरे आहेत. आईची शुगर वाढलीय, पण ती मान्य करत नाही, त्यामुळं घरात तरी ती बरीच आहे असं धरायचं.

तू म्हणशील, आजकाल कागदावर पत्र कोण लिहितं, हिचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण मी तुला लांबलचक मेसेज पाठवते, त्यात हकीकत असते, रुसवा असतो, आणि तू त्यावर अंगठा पाठवतेस. आमची म्हैस गेली असं मी कळवलं, तेव्हाही अंगठाच आला. (म्हैस गेल्याचा तुला आनंद झाला असं मी मानत नाही. तिनं तुझी ओढणी खाल्ली होती हे खरं, पण ते तू माफ केलं होतंस.) तिकडं तुझ्या बुटीकमध्ये गिऱ्हाइकं उभी असतात, घरी बाळ रडत असतं, मला सगळं कळतं. म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागदावर अंगठा उमटवायचा तर शाईचा पॅड शोधावा लागेल, आणि तो सापडेपर्यंत तरी तू वाचशील.

तर मूळ मुद्दा असा, की आपलं 'सुईदोरा' सदर धोक्यात आहे आणि ते वाचवायला तू मला पाहिजेस. 'तेरणाकाठ' साप्ताहिकाचे आपले उत्तरेश्वरकाका (संपादकही तेच, मालकही तेच, आणि तहसील कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकानही तेच चालवतात, हे तू विसरली नसशील) परवा मला म्हणाले की वाचकांचे प्रश्न आटलेत, अशानं त्या जागेत बियाण्याची जाहिरात बसवावी लागेल. शेवटच्या पानावरच्या त्या चौकटीसाठी आपण दोघींनी काय काय केलंय. जुन्या साडीचा गाऊन कसा करावा, जीन्सची पिशवी कशी करावी, बाही आखूड झाली तर काय जोडावं, असले प्रश्न वाचक पाठवायचे. मी ते मोठ्यानं वाचायचे, तू मशीनवरून मान वर न करता उत्तर सांगायचीस, मी ते लिहून काढायचे. लोकांना वाटायचं सुईदोराताई म्हणून कुणी एक पोक्त बाई आहे. ती आपण दोघी मिळून होतो. हात तुझे, शब्द माझे. आता हात हैदराबादला गेले, आणि मी नुसत्या शब्दांनी ब्लाउज बेततेय.

त्याचा परिणाम ऐक. आपल्या भागात बायकांच्या घरात टेप नसतो, असलाच तर पोरांनी तो भोवऱ्याला गुंडाळलेला असतो, म्हणून तू सगळी मापं बोटांत आणि वितीत सांगायचीस. तू गेल्यावर पहिलाच प्रश्न आला तो पाठीच्या गळ्याचा. फॅशनचा खोल गळा घरच्या घरी कसा कापावा. हे तर मला पाठ होतं, तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मी ऐटीत लिहिलं की मानेच्या हाडापासून खाली आठ बोटं मोजा आणि बिनधास्त कापा. एवढं लिहून मी काकांकडं दिलं, चहा प्यायला आणि घरी येऊन झोपले. तू प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ बडबडायचीस, की हात मोठा असेल तर दोन बोटं कमी धरा, काटकुळा असेल तर एक जास्त धरा. ती ओळ मला तुझी सवयीची बडबड वाटायची, जशी तू फोन ठेवताना 'और बोल' म्हणतेस तशी. ती मापाचाच भाग आहे, हे मला कमलबाईंनी शिकवलं.

कमलबाई म्हणजे गिरणीवाल्या. त्यांचा हात तुला आठवत असेल. पायली भरलेला डबा त्या एका पंजात धरून वर चढवतात. तर त्यांनी स्वतःची आठ बोटं मोजली. इरकलीच्या काठाचं नवंकोरं ब्लाउज, आणि त्याचा मागचा गळा कुठं जाऊन थांबला ते मी लिहीत नाही, हे पत्र सासूबाईंच्या हाती पडायचं. त्या ब्लाउज घेऊन थेट झेरॉक्सच्या दुकानात आल्या. मी पुढचं सदर द्यायला तिथंच आले होते, ती झेरॉक्स मशीनच्या मागं दडले, पण सदर कोण लिहितं ते त्यांनी काकांकडून काढून घेतलं आणि काउंटरच्या आत आल्या. "पोरी, पाठ झाकाया बायका बिलाऊज घालत्यात," त्या म्हणाल्या, "तू तर मला खिडकी पाडून दिलीस. आता ह्यातनं वारं बी येतंय आन् लोकं बी बघत्यात." रांगेत सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी उभी असलेली चार माणसं छताकडं बघत राहिली.

पण खरी गंमत पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी कानेगावला त्यांच्या भावाची वास्तुशांत होती आणि दुसरं ब्लाउज नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि दिवसभर तशाच वावरल्या. जेवायला वाढताना नाही, फोटोला नाही, पदर हलला नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांचं इतकं कौतुक केलं की विचारू नको. बाई असावी तर अशी, एवढी गिरणीची मालकीण पण बघा कशी मर्यादेनं राहते, वगैरे. आणि त्यांच्यासारख्या अजून तीन बायका त्या मांडवात दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन बसल्या होत्या. त्या का बसल्या होत्या ते मला माहीत आहे, कारण त्या तिघीही 'सुईदोरा' नियमित वाचतात. तरण्या पोरींना वाटलं ही काहीतरी नवी फॅशन आलीय. कुणीतरी रील काढलं. पुढच्या आठवड्यात मला प्रश्न आला की ताई, सध्या चाललेला दुखांदी पदर कसा घ्यावा आणि पिना कुठं लावाव्यात.

मी काय करायला पाहिजे होतं? खरं सांगायला पाहिजे होतं. मी दोन पिना डावीकडं आणि एक उजवीकडं असं सविस्तर उत्तर लिहिलं आणि त्याला 'लोहारा पद्धत' असं नावही दिलं. आता उमरग्याच्या ब्यूटी पार्लरमध्ये पाटी लागलीय म्हणे, आमच्याकडं लोहारा पद्धतीनं साडी नेसवून मिळेल. हे सगळं लिहिताना मी हसतेय, पण ज्या दिवशी पाटीचं कळलं त्या दिवशी मी हसले नाही. सांगायला कुणी नव्हतं. आई म्हणाली, असू दे, चांगलंच झालं. चांगलंच झालं हे काय ऐकायचं असतं का अशा वेळी? तू असतीस तर मशीनवर डोकं टेकून हसली असतीस आणि मग माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली असतीस, "अगं येडे, दोन बोटं कमी म्हन्लेली मी." मला त्या धपाट्याची फार आठवण येते, युसरा. उगाच काहीतरी सजवून सांगत नाही, खरोखर येते.

दुसरा किस्सा बब्रुवानकाकांचा. तेच ते, खताच्या दुकानाशेजारी पोत्यांची शिलाई करणारे. त्यांच्या राजनंदिनीनं सोलापूरला कॉलेजात जाऊन गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेतली, आणि काकांनी सदराला प्रश्न पाठवला की दुकानदारानं पोरीला फाटका माल दिलाय, तरी घरी दुरुस्ती कशी करावी. मी त्यांना फॅशन समजावून सांगायला हवी होती. पण प्रश्न इतका मनापासून होता, की मी पण मनापासून उत्तर दिलं, की आतून ठिगळ लावून जाड दोऱ्यानं टाके घाला. जाड दोरा म्हणजे काय हे लिहायचं राहिलं. काकांनी दाभण घेतला, सुतळी घेतली, आणि पोत्याचं तोंड शिवतात तशी ती जीन्स शिवली. पोरगी आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी. मग नाइलाजानं एक दिवस तीच घालून कॉलेजात गेली, तर मैत्रिणी विचारायला लागल्या की हे हँडमेड कुठून आणलंस. आता एसटीनं सोलापूरहून जीन्सचे गठ्ठे येतात आणि बब्रुवानकाका खताच्या दुकानाशेजारी बसून पोरींच्या गुडघ्यांना सुतळी मारतात. मला भेटले की म्हणतात, "ताय, तुमच्या त्या सुईदोराबाईंना सांगा, लई उपकार झाले." मी सांगते म्हणाले. सांगितलं बघ.

असं सगळं उलटंसुलटं होऊन पण शेवटी बरंच होतं, म्हणून कुणी मला शिव्याही घालत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. चुकलेलं माप धडपणे चुकलं असं म्हणणारी एकच बाई होती माझ्या ओळखीत. संध्याकाळी मी अजूनही तुमच्या घरी जाऊन बसते सदर लिहायला. तुझ्या अम्मींनी मशीनवर चादर घातलीय आणि चादरीवर लसणाची टोपली ठेवलीय. मी तुझ्या स्टुलावर नाही बसत, माझ्या जागेवरच बसते, उंबऱ्याला पाठ लावून. सवयीनं प्रश्न मोठ्यानं वाचते. आतून अम्मी म्हणतात, "काय म्हणालीस बेटा?" मी म्हणते, काही नाही. मग त्या चहा आणून देतात, आणि आम्ही दोघी त्या टोपलीकडं बघत बसतो. अम्मी म्हणतात पोरगी सुखात आहे, हेच चांगलं. मी पण तसंच म्हणते. आम्ही दोघी खोटं बोलत नाही, पण दोघींचा चहा निवून जातो.

म्हणून माझं मागणं एवढंच. आठवड्यातून एकदा, बाळ झोपलं की, मी प्रश्न पाठवेन त्याचं उत्तर तू फोनवर बोलून पाठव. मला नवीन फॅशनचं काहीही कळत नाही. को-ऑर्ड सेट म्हणजे काय असं एकीनं विचारलं, तर मी लिहिलं की वरचं आणि खालचं एकाच ताग्याचं, आपल्याकडं त्याला शाळेचा गणवेश म्हणतात. (त्या मुलीचं पुन्हा पत्र आलं नाही.) तू नुसतं बोल, शब्द मी घालते. शेवटी ती बोटांची ओळ घालायला मी आता विसरणार नाही. काका बियाण्याची जाहिरात परत देऊन टाकतील, सदर वाचेल, आणि आपण दोघी मिळून पुन्हा ती पोक्त बाई होऊ.

अम्मींनी तुझ्यासाठी शेंगाचटणी करून ठेवलीय, उमरग्याहून हैदराबादला जाणारं कुणी मिळालं की पाठवतील. जिजूंना सांग, एकट्यानं खाऊ नका.

तुझी
हर्षाली

ता. क. - एक सांगायचं राहिलं. गेल्या कितीतरी अंकांतले बरेचसे प्रश्न वाचकांचे नव्हते. 'एक त्रस्त गृहिणी, माकणी', 'अ. ब. क., जेवळी', 'सुनेची सासू, सास्तूर' या सगळ्या मीच आहे. काकांनी अक्षर ओळखलंय, तरी मुकाट्यानं छापतात. बियाण्याच्या जाहिरातीचंही त्यांनी काही म्हटलेलं नाही, ते मी बनवलं. उलट ते म्हणाले, "चालू दे पोरी, बायका शेवटचं पान त्याच्यासाठीच उघडत्यात." सदर बंद होणार आहे हे मात्र खरं आहे. ते मीच बंद करतेय, कारण मी लोहारा सोडतेय. माझं लग्न ठरलंय, कळंबला. मुलगा शाळेत शिक्षक आहे, योगीराज नाव आहे, शांत आहे, त्याला मी आवडलेय असं दिसतं. हे तुला मेसेजवर कळवायला घेतलं होतं, पण त्यावर जर नुसता अंगठा आला असता तर मला सहन झालं नसतं.

ता. क. २ - 'सुईदोरा'साठी शेवटचा प्रश्न देते. याचं उत्तर अंकात द्यायचं नाही आणि फोनवर बोलूनही द्यायचं नाही. प्रश्न असा: माझ्या लग्नाच्या शालूचा ब्लाउजपीस घरात पडून आहे. आई रोज विचारते, कळंबहूनही विचारतात, मी सगळ्यांना सांगितलंय की शिवायला दिलाय. दिलेला नाही. कुणाला कात्री लावू द्यायचं मनच होत नाही. माझ्या पाठीला किती बोटं धरायची ते मला ठाऊक नाही, कारण ती मोजताना मी नेहमी पाठमोरी होते आणि मोजणारी मागं होती. ती आता लांब आहे, तिला संसार आहे, तिच्याकडं वेळ नाही, हे सगळं मला समजतं, तरी मी कापड तसंच ठेवलंय. काय करू?
- हर्षाली, लोहारा (या वेळी नाव खरं आहे)