एक पेटी जास्त दाखवणारा प्रोग्राम

चि. सौ. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर झाला, की तू रुसली असशील आणि ते रास्तच आहे. माफ कर. तुझी कंबर कशी आहे? यजमानांची साखर आटोक्यात आहे ना? माझी झोप उडाली आहे, कारण आमच्या दुकानात क्रांती चालू आहे.

या कड्या-बिजागऱ्यांच्या दुकानात मालाची शिल्लक सांगणारा प्रोग्राम मीच लिहिला, हे तुला ठाऊक आहे. मॅट्रिक नापास माणसाने, एका पुस्तकावरून (पुस्तकाची शेवटची पानं गहाळ होती, ते प्रोग्रामलाही जाणवतं). ती भाषा आता तिच्या जन्मदात्या कंपनीनेही टाकून दिली. नवा संगणक तिला दारात उभं करत नाही आणि जुना सुरू होताना असा कण्हतो, की गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. म्हणून नवा प्लॅटफॉर्म (रेल्वेचा नव्हे, शिल्लक सांगणारी संगणकावरची तयार व्यवस्था) निवडायला समिती बसली. काय एकेक विद्वान! मालकांना जास्त वाकून नमस्कार करणारा विक्रेता पसंत. त्यांच्या मुलीला पडद्याचा रंग महत्त्वाचा. हिशेबनीस म्हणाले, समोरच्या दुकानात जो आहे तोच घ्या (ते दुकान बंद पडलं, पण त्यात प्लॅटफॉर्मचा काय दोष?).

शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं आणि परीक्षक नेमला गोदामवाला. आता माझा प्रोग्राम प्रत्येक मालाची एक पेटी जास्त दाखवतो. का, ते त्या गहाळ पानांत असणार. पण गोदामवाला वर्षानुवर्षं मनातल्या मनात एक वजा करतो आणि धंदा सुरळीत चालतो. पहिल्या विक्रेत्याच्या प्लॅटफॉर्मने आकडा बरोबर दाखवला. गोदामवाल्याने सवयीने एक वजा केला, गोदामात जाऊन पेट्या मोजल्या आणि बोंबलत माझ्याकडे आला, "काका, याने एक पेटी गिळली!" पहिला नापास. दुसराही असाच बरोबर निघाला, तोही नापास. तिसरा विक्रेता मात्र एक पेटी जास्त दाखवायची सोय करूनच आला. समिती हरखली. हिशेबनीस म्हणाले, "याला म्हणतात अचूकपणा!" एकमताने निवड झाली. शिकलेल्या माणसांपुढे मी काय बोलणार? पण मग मालक माझ्याकडे वळले, "काका, हे तुम्हाला झेपेल? की तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस बघू?" धाकटे, त्या खुर्चीशिवाय मी दिवसभर घरात बसलो, तर तुझी वहिनी मला वाण्याकडे पिटाळूनच मारील.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा दादा

ता. क. मी मालकांना सांगितलं, की हा प्लॅटफॉर्म मला तोंडपाठ आहे. मी तो अजून उघडलेलाही नाही.

ता. क. दुसरा. त्या तिसऱ्या विक्रेत्याला एक पेटी वाढवायची युक्ती चहा पाजून मीच सांगितली. त्याचा प्लॅटफॉर्म चांगला की वाईट, देव जाणे. पण तुझी सून क्लासमध्ये तोच शिकवते ना? तिला आठवडाभर इकडे पाठव. भाचेसून सहज भेटायला आली, असं मी दुकानात सांगेन. तिच्याशी तुझा अबोला चालू असेल, तर एवढं काम होईपर्यंत तो मोड, मग वाटेल तर पुन्हा धर. सोमवारी मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघणार आहेत. ती कोणत्या गाडीने येते, ते ताबडतोब कळव.