आईसाठी सोळा इंची चाकं

७ जानेवारी, रविवार
आईला भेटून आलो. वृद्धाश्रम हा शब्द इथून पुढे वापरायचा नाही. निवास म्हणायचं.
खुब्याचं हाड जुळलंय, काठी घेऊन चालते. घरी कधी नेतोस, विचारत होती. सप्टेंबरात दोन महिन्यांसाठी ठेवलं होतं, आता पाचवा चालू आहे. मी एकटा माणूस, दिवसभर ऑफिस. ताई माझ्याच गावात, पण दोन खोल्या आणि त्यांत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. म्हणजे जबाबदारी माझीच, आणि मी ती टाळणाऱ्यांतला नाही. अडचण फक्त रस्त्याची. चौऱ्याऐंशी किलोमीटर, खड्डेच खड्डे. गाडीची चाकं चौदा इंची. प्रत्येक दणका थेट तिच्या कमरेत.
तिला सांगितलं, आधी गाडी तुझ्याजोगी करतो, महिनाअखेर घरी. ती म्हणाली, बरं.

१० जानेवारी
टायरवाल्याकडे गेलो. सोळा इंची चाकं, रुंद टायर. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, साधा हिशेब. तो म्हणाला, कंपनीचा साइज दारावर लिहिलाय, तोच बरा, अॅव्हरेज मार खाईल. माणूस अनुभवी आहे, पण दृष्टी नाही.

१४ जानेवारी, रविवार
निवासावर जाता आलं नाही. नवी चाकं आतून घासत होती, म्हणून गाडी दोन इंच उचलून घेतली. आईला फोन केला. तुझ्याचसाठी चाललंय, म्हटलं. म्हणाली, हो का.

२१ जानेवारी, रविवार
महत्त्वाचा शोध. नव्या चाकांवर निवास एकोणऐंशी किलोमीटरवर आला. मीटर खोटं कशाला बोलेल? रस्ता सरळ केलेला दिसतो.
अॅव्हरेज मात्र साडेतेरा. आधी सतराचं होतं. कारणं: समोरून वारा, नवं रबर, पंपवाल्याची लबाडी.
आईला फाटकापर्यंत आणून गाडी दाखवली. बसून बघ म्हटलं. तिचा पाय उंबरठ्यापर्यंत पोचेना. दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. मग दाराला धरून नुसती उभी राहिली. सवय नाही, दुसरं काय. पाय उचलायचा व्यायाम सांगून आलो. सकाळी दहा, संध्याकाळी दहा.

२८ जानेवारी, रविवार
गेलो नाही. महिनाअखेरचं फेब्रुवारीअखेर केलं. साडेतेराच्या गाडीत आईला बसवणं मनाला पटत नाही.
वजन कमी केलं. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढली. आई पुढे बसेल.

४ फेब्रुवारी, रविवार
अर्ध्या वाटेत पंक्चर. स्टेपनी घरी, गॅलरीत. मदत मिळून पोचेपर्यंत पाच वाजले. भेटीची वेळ चारला संपते. मेट्रन म्हणाल्या, सकाळी नऊपासून व्हरांड्यात बसल्या होत्या, पिशवी भरून. जेवायलाही आत आल्या नाहीत. आत्ताच निजवलंय.
पिशवी कशाला भरली कुणास ठाऊक. आज नेणार असं मी म्हटलंच नव्हतं. कॅलेंडरवरच्या नोंदी बघून शोधणार आहे.
(शोधलं. मागच्या फोनवर म्हटलं होतं, बहुतेक पुढच्या रविवारी. बहुतेक हा शब्द तिला ऐकू आला नसणार.)

११ फेब्रुवारी, रविवार
दर आठवड्याला जाण्यापेक्षा पंधरा दिवसांनी जावं, पेट्रोल वाचतं, असं ठरवलं. वाचलेलं पेट्रोल तिला आणायलाच लागेल.

१९ फेब्रुवारी
ताईच्या सासूबाई गेल्या. दहा वर्षं अंथरुणाला होत्या. भेटायला गेलो. ताई रडत नव्हती, पलंगावरची गादी उन्हात टाकत होती. मला म्हणाली, गाडीचं राहू दे, टॅक्सी कर आणि आईला आण. टॅक्सीची चाकं कोणत्या साइजची असतात ते मी तिला समजावून सांगितलं. ती गादी झटकत राहिली.
येताना टायरवाल्याकडे थांबलो. तो म्हणाला, मीटर चाकाचे फेरे मोजतं. मोठं चाक तेवढंच अंतर कमी फेऱ्यांत कापतं, म्हणून आकडा कमी दिसतो. रस्ता आहे तेवढाच आहे. तो फरक धरला तरी अॅव्हरेज साडेचौदाच्या वर जात नाही, कारण जड आणि रुंद चाक फिरवायला इंजिनाला जोर लागतो.
हे त्याने आधी नीट सांगायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी, रविवार
स्टूल घेऊन गेलो. आईला स्टुलावर चढवलं. तिची पोटरी थरथरत होती, माझ्या खांद्यात बोटं रुतवून उभी होती. मी तिला फेऱ्यांचा हिशेब सांगत होतो, तेवढंच लक्ष दुसरीकडे. तिने मागे वाकून बघितलं आणि विचारलं, मागची सीट कुठंय? मी सांगितलं. मग म्हणाली, मला उतरव रे. उतरवलं. आत जाताना तिने वळून बघितलं नाही. डोळ्यांत ऊन येत असणार.

६ मार्च
जुना साइज परत बसवला. गाडी खाली आणली. सीट लावली, स्टेपनी ठेवली. आता कुणी बोट दाखवू शकणार नाही. फक्त एकदा अॅव्हरेज तपासायचं. येता रविवार त्यातच जाईल.

१७ मार्च, रविवार
अॅव्हरेज सतरा पॉइंट दोन. मीटर चौऱ्याऐंशी. गाडी एवढी चांगली कधीच चालली नव्हती. मागच्या सीटवर दोन उशा ठेवल्या होत्या.
आईची कॉट रिकामी. चादर काढलेली, गादी गुंडाळून ठेवलेली. मी वाकून कॉटखाली तिची पिशवी शोधली. मेट्रन घाईघाईने म्हणाल्या, तसं काही नाही, तुमची बहीण बुधवारी घेऊन गेली. कसं नेलं, विचारलं. म्हणाल्या, एसटी स्टँडवरून, साध्या बसने.
एक सही करायची होती. केली.
येताना अॅव्हरेज बघितलं नाही.

१८ मार्च
ताईला फोन केला. मला का सांगितलं नाहीस, विचारलं. ती म्हणाली, आईच नको म्हणाली. तो धावत येईल आणि उगाच पेट्रोल जाळेल, म्हणाली. प्रवासात त्रास झाला का? ताई म्हणाली, खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेत झोपली, ती उतरेपर्यंत.
मग आई फोनवर आली. म्हणाली, इथून तुझं घर जवळच आहे ना? म्हटलं, हो. म्हणाली, मग ये की.

२३ मार्च
ताईचं घर माझ्या दारापासून चालत अकरा मिनिटं. आज सुट्टी होती.
गेलो नाही.